निंबापर्यंत बोलायचं नाही

मी गाव सोडलं तो प्रभुभोजनाचा रविवार होता. सामानाचा टेम्पो देवळाच्या फाटकाबाहेर निंबाखाली येऊन उभा होता. आमच्याकडं चर्चला देऊळच म्हणतात. गावाकडच्यांना हे सांगायला नको, पण हे वाचणारे सगळेच काही नगर जिल्ह्यातले नसतील. टेम्पोत गाद्या, शेगडी, पाण्याचा पिंप आणि वर उलटी बांधलेली खाट. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि आत प्रभुभोजनाची भाकर मोडली जात होती. अप्पा, म्हणजे माझे वडील, मंडळीचे पंच होते. त्यांनी त्या हॉर्नकडं एकदाही मान वळवून बघितलं नाही.

गावाकडच्यांनो, तुम्हाला आपला नियम आठवत असेल. प्रभुभोजन घेतल्यावर देवळातून निघायचं ते फाटकाबाहेरच्या निंबापर्यंत तोंड उघडायचं नाही. लहान पोरांनीसुद्धा नाही. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं आणि कुठल्या पाळकसाहेबांनी घालून दिलेलं नव्हतं. मी लहानपणी अप्पांना विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, "तोंडात आत्ता काय ठेवलं ते विसरू नये म्हणून." देवळात शिरतानाचाही त्यांचा एक ठरलेला शब्द होता. चपला काढता काढता आमचा गोंगाट चालला की ते म्हणायचे, "आवाज पण तिथंच ठेवा."

तर त्या दिवशी मी पायरी उतरले आणि आईनं माझं कोपर धरलं. मला किती काय बोलायचं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, ह्यांना अंबरनाथच्या आनंदनगरला एका कंपनीत पॅकिंगचं काम लागलं होतं, आणि मी नगरच्या पलीकडचं जग बघितलेलं नव्हतं. पण निंबापर्यंत बोलायचं नाही म्हणजे नाही. आई नुसती कोपर दाबत चालली होती. निंबाखाली पोचलो आणि तिनं तोंड उघडलं ते काय, तर, "बाटली भरून घेतलीस का?" एवढंच. मग सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या आणि मी रडत टेम्पोत चढले. पाण्याची बाटली खरंच भरलेली नव्हती.

त्यानंतरची सगळी वर्षं अंबरनाथच्या बुवापाड्यात गेली. सकाळी आनंदनगरकडून वारं आलं की औषधासारखा वास येतो, आता तो आला नाही तरच मला चुकल्यासारखं होतं. मी शेजारच्या शहरातल्या कॅम्प पाचमधल्या जीन्सच्या कारखान्यातून धागा कटिंगचं काम घरी आणायचे. पँटींचे ढीग पुढ्यात, हातात छोटी कात्री, शिलाईचे उरलेले धागे कापत बसायचं. बोटं निळी व्हायची. सेठ सिंधी, कारीगर यूपीचे, आम्ही बायका चहूकडच्या. माझं मराठी तिथं कधी बिघडलं ते कळलंच नाही. गावी फोन केला की आई म्हणायची, "काय गं, 'टेन्शन मत लो' काय? आईशी बोलतीयेस."

सुरुवातीला आमची मराठी मंडळी होती. एका शाळेच्या वर्गात बाकं मागं सरकवून सतरंजी टाकायची, पेटी, तबला, आणि आपली जुनी भजनं. मग एकेकानं बदलापूरला फ्लॅट घेतला. कुणी वांगणीला गेलं. पेटी वाजवणारे वारले आणि पेटी कुणाच्या तरी कपाटावर गेली. शेवटी शेवटी आम्ही इतके थोडे उरलो होतो की प्रार्थनेत कोण आलं नाही हे डोळे मिटूनही कळायचं.

तेव्हा माझी मुलगी, रिबेका, मैत्रिणीबरोबर कॅम्प पाचच्या हॉलमध्ये जायला लागली. तिच्यामागून आम्ही. खाली प्लास्टिकच्या बादल्यांचं दुकान, वर आधी जीन्सचा कारखाना होता तो गाळा. मी त्याच गाळ्यातून पूर्वी कापायचा माल नेलेला. आता भिंती काळ्या रंगवलेल्या, वर जांभळे दिवे, समोर मोठा स्क्रीन, काचेच्या खोक्यात ढोल वाजवणारा. जिन्याशी पुठ्ठ्याची सेल्फी पॉइंटची चौकट, हृदयाच्या आकाराची. आणि धूर. खरंच सांगते, गाणं चढत गेलं की मशीनमधून धूर सोडतात. स्टेजवरून पास्टर म्हणतात, "एक बार ज़ोर से तालियाँ, प्रभु के लिए!" आणि सगळा हॉल उठून टाळ्या वाजवतो. मीही वाजवते. न वाजवून कशाला कुणाच्या डोळ्यांवर यायचं?

पास्टरांबद्दल वाईट बोलणार नाही. तरुण माणूस आहे, बायकोला घेऊन स्वतः हॉल झाडतो. ह्यांचा पाय मशीनमध्ये आला तेव्हा नात्यातल्या कुणाच्याही आधी ते दवाखान्यात येऊन बसले होते. त्यांच्याकडं मी एकदा हळूच विषय काढला, की भोजनाच्या वेळेपुरतं तरी संगीत थांबवता येईल का? ते हसले. "आंटी, शांत बसलं ना, तर लाइव्ह बघणाऱ्यांना वाटतं नेट गेलं." मला वाद घालायचा कंटाळा येतो. आवाजाचाही येतो आणि आवाजाबद्दलच्या तक्रारींचाही.

आई गेल्यावर अप्पांना आणलं. त्यांनी घराला कुलूप लावलं, किल्ली शेजारी दिली आणि एसटीत बसल्यापासून कल्याण येईपर्यंत शास्त्राची, म्हणजे बायबलची, पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. बुवापाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांना ते "तुझी खोली" म्हणायचे. "तुझ्या खोलीत हवा चांगली लागते." "तुझ्या खोलीवर पत्र आलं का?" घर म्हटलं की त्यांचं ते, कुलूप लावलेलं. मला बोचायचं. पण जन्म एका गावात काढलेल्या माणसाला कोण काय म्हणणार?

पहिल्या रविवारी आम्ही त्यांना हॉलमध्ये नेलं. योगायोगानं भोजनाचा रविवार होता. दाराशी त्यांनी चपला काढल्या. इकडंतिकडं बघितलं, तर दुसऱ्या कुणाच्याच चपला नव्हत्या. तरी काढल्या, भिंतीला नीट लावून ठेवल्या आणि आत येऊन डोकं खाली घालून बसले. मग ढोल सुरू झाला. ते दचकले ते मला माझ्या खुर्चीत जाणवलं. थोड्या वेळानं धूर आला. अप्पा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाई, काहीतरी पेटलंय. लोकांना सांग." मला हसू आलं, आणि लगेच रडू आलं.

स्टेजवर रिबेका गात होती. हातात माइक, पायात पांढरे बूट. माझी मुलगी म्हणून सांगत नाही, तिचा आवाज ऐकून माणसं खरोखर रडतात. गाण्याच्या पाठोपाठ भोजन आलं. तुम्ही बघितलं नसेल म्हणून सांगते: दहीवड्याबरोबर चटणीची मिळते तेवढी प्लास्टिकची वाटी, तळाशी द्राक्षरस, वर पातळ कागदासारखी भाकर, आणि दोन्हींवर चंदेरी कागदाची झाकणं चिकटवलेली. कीबोर्ड वाजत असतो आणि हॉलभर झाकणं सोलल्याचा चर्र आवाज. अप्पांनी नखानं खरवडून बघितलं, पण त्यांच्यानं ते सोललं गेलं नाही. मी हात पुढं केला. त्यांनी मान हलवली आणि ती वाटी खिशात ठेवली.

बाहेर आलो तर चपला नाहीत. आमच्याकडं दाराशी उभ्या राहणाऱ्या एक सिंधी बाई आहेत, कविता आंटी. बोलक्या, देवभोळ्या, टाळ्यांत सगळ्यांच्या पुढं. त्यांना वाटलं कुणीतरी विसरून गेलं, म्हणून त्यांनी चपला हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात टाकल्या होत्या. एक छत्री, एक टिफिन आणि त्यांत अप्पांच्या चपला. आंटींनी दहा वेळा "सॉरी दादा, सॉरी" केलं. अप्पा तोवर अनवाणी जिना उतरले होते. मी त्यांना हाक मारत मागून धावले.

घरी आल्यावर त्यांनी ती वाटी फळीवर शास्त्राशेजारी ठेवली. ती तिथंच राहिली. फेकायची कशी? खायची कशी? धूळ पुसताना मी उचलायचे आणि परत ठेवायचे. तिच्यावर एक्सपायरी लिहिलेली होती. प्रभुभोजनाला एक्सपायरी. मी कुणाला म्हणाले नाही, पण मला ते पचलं नाही.

त्या दुपारी अप्पा रिबेकाला म्हणाले, "पोरी, तुझा गळा चांगला आहे. पण तू गाताना कुणाकडं बघत होतीस?"

ती सरळ बोलून गेली, "कॅमेऱ्याकडे, आजोबा. लाइव्ह असतं ना."

अप्पा "बरं" म्हणाले. ते "बरं" तिला जे लागलं ते लागलंच. स्वयंपाकघरात येऊन माझ्यावर ओरडली, "मम्मी, त्यांना मी नाचणारी वाटते का? मी प्रार्थना करून स्टेजवर जाते, माहितीये का त्यांना?" मला माहीत होतं. उपाशीपोटी जाते ती. पण मला अप्पांचंही कळत होतं, आणि मधल्या मध्ये मी पोळ्या लाटत होते. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं तुटलं. एकाच खोलीत, एकाच ताटलीतला चिवडा खाताना, दोघंही माझ्याशी बोलायचे.

अप्पा मग रविवारी यायचे बंद झाले. आम्ही निघालो की ते शास्त्र उघडून खिडकीशी बसायचे. ज्या माणसानं तापातसुद्धा प्रभुभोजन चुकवलं नव्हतं, तो महिन्यामागून महिने त्याच्याशिवाय राहिला. त्यांचं वय झालंय. चालताना भिंत धरतात. मला एकच भीती होती: हा माणूस असाच गेला तर? माझ्या घरात, ती वाटी फळीवर बंदच ठेवून?

म्हणून ईस्टरला त्यांना गावी घेऊन गेले. हट्टानं रिबेकालाही नेलं. तिची त्या दिवशीची लाइव्ह बुडाली म्हणून ती एसटीत तोंड फुगवून बसली होती. मला वाटलं होतं, आपल्या देवळात अप्पा चपला काढतील, आवाज तिथंच ठेवतील, भाकर घेतील, निंबापर्यंत चालतील, आणि माझ्या मनावरचा दगड उतरेल.

तुम्हाला मी नावं ठेवत नाही. तुम्हीच तिथं राहिलात, तुम्हीच देवळाचं छत नवं केलंत. पण फाटकाच्या बाहेरूनच मला स्पीकरचे काळे डबे दिसले, आणि आतून जे हिंदी गाणं येत होतं ते माझ्या रिबेकाचं होतं. तुमची पोरं मोबाईलवर बघून शिकली होती. "रिबेका दीदी!" करत सगळी भोवती जमली. मी त्या गाण्यापासून पळून आले होते आणि ते माझ्याआधी पोचून बसलं होतं.

भोजन मात्र जुन्या स्टीलच्या तबकात आलं. अप्पांनी घेतलं. मी घेतलं. रिबेकानंही घेतलं. पायरी उतरलो तर बाहेर स्पीकर परत लागला होता, लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, सरबत वाटलं जात होतं. मी फाटकाबाहेर बघितलं. निंब नव्हता. तिथं नवी कमान, खाली लाल-करडे पेव्हर ब्लॉक.

"निंब कुणी तोडला?" मी ओरडले. तोंडात अजून रसाची चव होती आणि मी देवळाच्या पायरीवर उभी राहून ओरडले. लगेच चारी बाजूंनी उत्तरं आली. मुळं भिंतीत शिरली होती. आतून पोकळ झाला होता. मांडवाला अडचण होत होती. मी प्रत्येकाशी भांडले. एवढ्या वर्षांचा सगळा शीण त्या झाडाच्या नावानं बाहेर पडत होता.

भांडता भांडता मला ते दोघं दिसले. गर्दीतून अप्पा चालले होते आणि रिबेकानं त्यांचं कोपर धरलं होतं. लोक "सलाम, अप्पा" म्हणत होते, अप्पा नुसती मान लववत होते. पोरी मोबाईल घेऊन रिबेकाच्या पुढं आल्या. ती हसली, पण तोंड उघडलं नाही. दोघंही ओठ मिटून फाटकाबाहेर गेले. निंब होता तिथं ब्लॉक थोडे खचलेत, तिथं जाऊन उभे राहिले. मी मागून पोचले तेव्हा अप्पांनी तिला विचारलं, "पाणी पिलीस का, बाई?"

"नाही, आजोबा," ती म्हणाली. किती दिवसांनी.

परतीच्या एसटीत मी तिला विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? "आजीनं. सुट्टीत," म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून झोपली. अप्पा जागे होते. काही वेळानं म्हणाले, "जुनंच होतं ते झाड. पडलंच असतं." मी त्या झाडासाठी गावभर भांडून आले होते, आणि ज्याचं झाड होतं त्याला त्याचं काही नव्हतं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या, भोजनाच्या रविवारी अप्पा सकाळीच अंघोळ करून, टोपी घालून तयार. मी विचारलं, कुठं? म्हणाले, "उपासनेला." मी म्हटलं, अप्पा, तिथं तसंच आहे हो सगळं. काही बदललेलं नाही. ते चपला शोधत म्हणाले, "भाकर त्यांची थोडीच आहे?" आणि फळीवरची वाटी उचलून खिशात टाकली.

हॉलच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. कविता आंटींनी त्या लगेच आपल्या खुर्चीखाली सरकवल्या आणि मला डोळ्यांनी खूण केली, की मी बघते. ढोल तोच, धूर तोच, जांभळे दिवे तेच. अप्पा दचकले तेही तसेच. स्टेजवर रिबेका आली. तिच्या पायात काही नव्हतं. वायरींच्या जंजाळात तिचे उघडे पाय बघून मला पहिल्यांदा शॉक लागेल याचीच काळजी वाटली. मग कळलं, आणि मी गाणं काय चाललंय ते ऐकलंच नाही.

भोजनाच्या वेळी कविता आंटी तबक घेऊन आल्या. अप्पांनी नको म्हणून हात हलवला, आणि खिशातून ती जुनी वाटी काढली. मी म्हणणार होते, अप्पा, त्याची तारीख गेलीय. आंटींनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं. "लाओ दादा, मैं खोल देती हूँ." दोन्ही झाकणं त्यांनी हळू, आवाज न होऊ देता सोलली. कीबोर्ड चालूच होता. अप्पांनी डोळे मिटून घेतलं. नंतर मी विचारलं होतं, नवी का नाही घेतली? तर म्हणाले, "ती मला दिली होती." त्यांच्या तब्येतीला काही झालं नाही, काळजी करू नका.

मग आम्ही निघालो. स्टेजवरून उतरून रिबेका आमच्याबरोबर आली. आंटींनी चपला पुढं केल्या, "दादा, चाय पीके जाओ ना," म्हणाल्या. अप्पांनी हात जोडले. कुणीच काही बोललं नाही. सेल्फी पॉइंटजवळून, बादल्यांच्या दुकानावरून, बंद शटरांच्या पुढून आम्ही तिघं चाललो. कुठपर्यंत, हे मला माहीत नव्हतं. इथं निंब नाही. मला बोलायचं होतं, कधी नव्हे इतकं बोलायचं होतं, पण मी ओठ दाबून धरले.

रिक्षावाल्यानं आम्हाला बघून रिक्षा पुढं घेतली. "किधर?" आम्ही गप्प. "अरे बाबा, किधर जाना है?" रिबेका माझ्याकडं बघत होती, मी अप्पांकडं. रिक्षावाल्याला आम्ही मुके वाटलो असू. त्यानं हातानं खूण करून विचारलं. अप्पा चालतच राहिले. नाल्याच्या कडेला एक करंज आहे, त्याच्या खोडाला क्लासच्या आणि पाइल्सच्या डॉक्टरच्या पाट्या ठोकलेल्या आहेत. मी त्या रस्त्यानं इतकी वर्षं पँटींचे गठ्ठे नेले आणि ते झाड मला कधी दिसलं नव्हतं. अप्पा त्याच्या सावलीत थांबले, खोडाला हात लावला. रिक्षा मागून सरकत आली.

"बोलो बाबा, किधर?"

"घरी," अप्पा म्हणाले.

"घरी किधर?"

अप्पा रिक्षात चढून बसले, माझ्यासाठी आणि रिबेकासाठी आत सरकले, आणि त्याला म्हणाले, "बुवापाडा."